वलय अस्थिर आहे!

१९७१ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात विज्ञानकथाप्रेमींचे जागतिक संमेलन भरले होते. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ‘ह्यूगो’ पुरस्कार लॅरी निव्हन यांच्या ‘रिंगवर्ल्ड’ या कादंबरीला याच संमेलनात मिळाला. त्याच वेळी शेजारच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे काही विद्यार्थी हॉटेलच्या व्हरांड्यांतून घोषणा देत फिरत होते. घोषणा अशी होती : ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे!’

ही घोषणा कोणत्याही पक्षाची नव्हती. ती यांत्रिकीतील एक प्रमेय होती. एखाद्या काल्पनिक जगाच्या गुरुत्वाकर्षणाचा हिशेब चुकला म्हणून तरुण मुलांनी घोषणा द्याव्यात, ही गोष्ट आपल्याला जरा गमतीची वाटेल. पण या वादाचे पुढे काय झाले हे पाहिले, तर विज्ञानकथा कशी वाचावी आणि विज्ञान कसे शिकवावे या दोन्ही प्रश्नांवर बराच प्रकाश पडतो.

प्रथम हे जग काय आहे ते पाहू. १९६० साली भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी एक कल्पना मांडली होती. एखादी प्रगत संस्कृती आपल्या ताऱ्याची जास्तीत जास्त ऊर्जा वापरता यावी म्हणून त्याच्या भोवती सर्व बाजूंनी ऊर्जा अडवणाऱ्या रचना उभारील, असे त्यांचे म्हणणे होते. निव्हन यांनी त्या गोलाचा फक्त मधला पट्टा ठेवला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती, पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे साधारण तितक्याच अंतरावर, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर त्रिज्येचे एक अखंड वलय. त्याची रुंदी सुमारे १६ लाख किलोमीटर. आतल्या बाजूला जमीन, समुद्र, नद्या आणि माणसे. हवा कडेवरून सांडून जाऊ नये म्हणून दोन्ही काठांना सुमारे १,६०० किलोमीटर उंचीच्या भिंती.

आता थोडा हिशेब करू. तो नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखा आहे. परीघ सुमारे ९४ कोटी किलोमीटर, त्याला रुंदीने गुणले की क्षेत्रफळ मिळते. पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या, म्हणजे सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटरच्या, ते जवळजवळ तीस लाख पट भरते. या जमिनीवर माणसांना पृथ्वीसारखे वजन जाणवायचे असेल तर वलय स्वतःभोवती फिरवावे लागेल. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या बरोबर ९.८, हे समीकरण मांडले की वेग येतो सेकंदाला सुमारे १,२०० किलोमीटर आणि एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे नऊ दिवस लागतात. कादंबरीतील आकडे याच्याशी जुळणारे आहेत. लेखकाने घरचा अभ्यास केला होता, यात शंका नाही.

मग चूक कोठे झाली?

गोल आणि वलय

पोकळ गोलाच्या आत कोठेही ठेवलेल्या वस्तूवर त्या गोलाचे निव्वळ आकर्षण शून्य असते, हे न्यूटनने दाखवले. त्याची युक्ती सुंदर आहे. गोलाच्या आत, केंद्रापासून थोडे बाजूला, एक तारा आहे असे समजा. ताऱ्यातून विरुद्ध दिशांना दोन सारखेच निमुळते शंकू काढा. एक शंकू जवळच्या भिंतीचा लहान तुकडा कापील, दुसरा दूरच्या भिंतीचा मोठा तुकडा. तुकड्याचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि आकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दोन्ही परिणाम एकमेकांना नेमके छेदतात. दोन्ही बाजूंची ओढ सारखी.

आता गोलाऐवजी वलय घ्या. शंकूऐवजी एका प्रतलातील दोन सारखे कोन काढा. कापला जातो तो आता कंस. त्याची लांबी अंतराच्या वर्गाच्या नव्हे, तर केवळ अंतराच्या प्रमाणात वाढते. आकर्षण मात्र पूर्वीप्रमाणेच अंतराच्या वर्गाने घटते. म्हणजे दूरच्या कंसाचे पारडे हलके राहते आणि जवळचा कंस जिंकतो. तारा आणि वलय यांची केंद्रे जरा जरी सरकली, तरी जवळची बाजू अधिक जवळ ओढली जाणार. वलय कितीही वेगाने फिरत असले तरी यात फरक पडत नाही, कारण फिरणे हे वलयाला ताणून धरते, केंद्रस्थानी धरून ठेवत नाही.

किती काळात? सूर्याएवढे वस्तुमान आणि वर दिलेली त्रिज्या घेऊन मी हिशेब केला, तेव्हा असे दिसले की विस्थापन दर दोन महिन्यांनी जवळजवळ दुप्पट होते. सुरुवातीला वलय फक्त एक किलोमीटर सरकले असेल, तर साधारण साडेचार वर्षांत ते ताऱ्याला जाऊन भिडेल. लाखो वर्षांच्या संस्कृतीची गोष्ट सांगणाऱ्या कादंबरीला साडेचार वर्षे फारच अपुरी आहेत.

गंमत अशी की हा शोध बॉस्टनमध्ये लागलेला नाही. शनीची कडी घन असतील का, या प्रश्नावर जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लिहिलेला निबंध १८५९ साली प्रसिद्ध झाला. केंब्रिजचे अ‍ॅडम्स पारितोषिक त्याला मिळाले होते. एकसारखे, अखंड, घन कडे टिकू शकत नाही, कडी असंख्य सुट्या कणांची बनलेली असली पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८९५ साली जेम्स कीलर यांनी वर्णपटाच्या साह्याने कड्यांचा आतला भाग बाहेरच्या भागापेक्षा वेगाने फिरतो हे दाखवले आणि मॅक्सवेल यांचे म्हणणे निरीक्षणानेही सिद्ध झाले. डायसन यांनीही आपल्याला अखंड कवच अभिप्रेत नव्हते, ताऱ्याभोवती स्वतंत्रपणे फिरणाऱ्या सुट्या रचनांचा थवा अभिप्रेत होता, असा खुलासा केला होता. म्हणजे घोषणा देणारे विद्यार्थी मॅक्सवेल यांचेच म्हणणे शंभर वर्षांनंतर मोठ्या आवाजात सांगत होते.

तीन प्रकारच्या चुका

मी ही कादंबरी एम.एस्सी.ला असताना, पदपथावरच्या जुन्या पुस्तकांतून विकत घेऊन वाचली. वलयाचा वेग मी वहीत पडताळून पाहिला आणि तो बरोबर आला म्हणून खूश झालो. अस्थिरता मात्र माझ्या लक्षात आली नाही. न्यूटनचे गोलाचे प्रमेय मला परीक्षेपुरते पाठ होते, पण ‘गोलाऐवजी वलय असते तर?’ हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. हे कबूल करून पुढे जातो.

वाचकांनी काढलेल्या हरकती एका प्रकारच्या नाहीत. त्या वेगवेगळ्या ठेवल्या तरच वादाला अर्थ येतो.

पहिला प्रकार अनवधानाचा. कादंबरीच्या आरंभी नायक लुई वू आपला दोनशेवा वाढदिवस साजरा करत असतो. तो दिवस संपू नये म्हणून तो एका क्षणात दुसऱ्या शहरी पोचवणाऱ्या यंत्राने मध्यरात्रीच्या पुढे पुढे पळत राहतो. १९७० च्या पहिल्या आवृत्तीत तो पूर्वेकडे जातो. आपल्या मुलांना हे विचारून पाहावे. मुंबईत रात्रीचे बारा वाजले आहेत. हिवाळ्यात त्या वेळी लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि टोकियोत पहाटेचे साडेतीन. वाढदिवस लांबवायचा तर जायचे कोठे? अर्थात पश्चिमेकडे. लेखकाने पृथ्वीच उलटी फिरवली होती. पुढच्या छपाईत ही चूक सुधारली गेली आणि चुकीची पहिली आवृत्ती संग्राहकांच्या कौतुकाची वस्तू झाली. अशी चूक दाखवावी, सुधारावी आणि विसरावी. तिच्यावरून पुस्तकाची किंमत ठरत नाही.

दुसरा प्रकार गृहीताचा. फिरत्या वलयात निर्माण होणारा ताण म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. पोलादाचे वलय करायचे म्हटले तर उत्तम पोलादाला झेपेल त्याच्या सुमारे पन्नास लाख पट ताण त्याच्यावर येईल. निव्हन यांनी म्हणून ‘स्क्रिथ’ नावाचे द्रव्य कल्पिले, ज्याची बळकटी अणुकेंद्रातील बलाच्या तोडीची आहे. असे द्रव्य नाही, असे म्हणून हरकत घेणे म्हणजे भूमितीच्या तासाला ‘समजा’ या शब्दालाच हरकत घेणे होय. लेखकाने उघडपणे मागितलेले गृहीत वाचकाने द्यावे.

तिसरा प्रकार परिणामांचा आणि तोच खरा महत्त्वाचा. गृहीत एकदा मान्य केले की त्यातून जे निघते त्याला लेखक बांधलेला असतो. अस्थिरता ही या प्रकारची चूक आहे. याच प्रकारची आणखी एक हरकत तर शाळेतून आली. फ्लॉरिडातील एका माध्यमिक शाळेच्या वर्गाने हिशेब केला, की या जगातील सुपीक माती काही हजार वर्षांत वाहून समुद्रतळाशी जाऊन बसेल. पृथ्वीवरही नद्या माती समुद्रात नेतच असतात. पण येथे भूपट्टांच्या हालचालींनी नवे पर्वत उचलले जातात, ज्वालामुखी नवा खडक आणतात. वलयाच्या जमिनीखाली काय आहे? स्क्रिथचा पातळ थर आणि त्याखाली अवकाश. वर उचलणारे काही नाही. भूगोलाच्या पुस्तकातील ‘नदीचे कार्य’ हा धडा या मुलांनी एका परक्या जगाला लावून पाहिला आणि त्या जगातला दोष त्यांना दिसला. एका शालेय वर्गाने पुरस्कारविजेत्या लेखकाला दिलेली ही शिकवण मला घोषणांपेक्षाही मोलाची वाटते.

लेखकाचे उत्तर

निव्हन यांनी या हरकती झटकून टाकल्या नाहीत. १९७९-८० च्या सुमारास ‘द रिंगवर्ल्ड इंजिनिअर्स’ ही दुसरी कादंबरी आली. तिच्या आरंभी त्यांनी घोषणा देणाऱ्या विद्यार्थ्यांचा आणि फ्लॉरिडाच्या वर्गाचा स्वतःच उल्लेख केला आहे. मातीसाठी त्यांनी समुद्रतळाचा गाळ नळांवाटे काठांच्या भिंतींवर नेऊन पुन्हा आत ओतण्याची योजना केली. भिंतींलगत त्या गाळाचे पर्वत साचतात. अस्थिरतेसाठी काठांवर प्रचंड इंजिने बसवली. वलय सरकू लागले की ती त्याला परत जागेवर ढकलतात.

साहित्यकृती म्हणून पाहिले तर या उत्तराची किंमत मोजावी लागली, असे माझे मत आहे. पहिल्या कादंबरीत एका अफाट, अनोळखी भूमीवर उतरल्याचा विस्मय आहे. दुसरीत पुष्कळ ठिकाणी पात्रे एकमेकांना खुलासे देतात आणि आपण उत्तरपत्रिका वाचत आहोत असे वाटते. एका हरकतीला एक नळ, दुसरीला एक इंजिन, असा हा मामला होतो. विज्ञान बिनचूक झाले म्हणजे कथा आपोआप चांगली होत नाही, हे येथे स्पष्ट दिसते.

पण एका ठिकाणी उत्तराने कथेलाच नवा अर्थ दिला आहे. इंजिने होती, मग संकट कसले? संकट असे, की बहुतेक इंजिने वलयावरच्याच लोकांनी काढून आपल्या अंतराळयानांना बसवली आहेत. ती तेथे कशासाठी आहेत हे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. वलय केंद्रापासून सरकू लागले आहे. तळहातावर काठी उभी धरली तर ती पडत नाही असे नाही, आपण सतत हात हलवतो म्हणून ती पडत नाही. हे जगही तसेच आहे. ते एकदा बांधून मोकळे होण्याचे जग नाही, रोज राखण्याचे जग आहे, आणि राखणारे राखण्याचे कारण विसरले आहेत. हा विचार पहिल्या कादंबरीत नव्हता. तो व्हरांड्यातल्या घोषणेतून आला. वाचकांनी काढलेली चूक पुढच्या पुस्तकाचा गाभा झाली, असे उदाहरण साहित्यात वारंवार आढळत नाही.

जे वादातून निसटले

या चर्चेची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. यांत्रिकीवर एवढी नजर असताना कादंबरीतील जीवशास्त्र मात्र तुलनेने सहज सुटून गेले, असे मला वाटते. टीला ब्राउन ही नायिका ‘नशीबवान’ आहे, कारण तिचे काही पिढ्यांतील पूर्वज अपत्यजन्माच्या हक्काच्या सोडतीत जिंकून जन्माला आले होते. म्हणजे निवडीने नशीब वाढत गेले, असा दावा आहे.

हे स्क्रिथसारखे गृहीत आहे असे कोणी म्हणेल. पण लेखक ते नैसर्गिक निवडीचा परिणाम म्हणून मांडतो आणि तेथे तर्क लंगडा पडतो. एक सोपा प्रयोग वर्गात करता येतो. ६४ मुलांना एकेक नाणे उडवायला सांगावे. छाप पडेल त्याने उभे राहावे, काटा पडेल त्याने बसावे. सरासरीने पहिल्या फेरीनंतर ३२ उरतील, मग १६, ८, ४, २ आणि सहाव्या फेरीनंतर एक. त्या एकाला सहा वेळा छाप पडली. तो नशीबवान आहे का? सातव्या वेळी छाप पडण्याची शक्यता किती? अर्धीच. एवढ्या मुलांत असा कोणीतरी सापडणारच होता. निवड काम करते ती आधीपासून असलेल्या आणि वारशाने उतरणाऱ्या फरकावर. सोडत जर खरोखरच निःपक्षपाती असेल, तर निवडीला पकडायला काही उरतच नाही.

अवघड गणिताची चूक शोधताना आपण फुशारतो आणि सोप्या तर्काची चूक समोरून निघून जाते, हा अनुभव संशोधनातही येतो. तपासणीची सवय आपल्या आवडीच्या विषयापुरती असून भागत नाही.

शिक्षकांसाठी

शिक्षकांच्या एका शिबिरात मी हे सर्व सांगितल्यावर एका ज्येष्ठ शिक्षिकेने विचारले, ‘सर, ज्या पुस्तकात चुका आहेत हे आपल्याला माहीत आहे, ते मुलांच्या हातात द्यायचेच कशाला? मुले आधीच गोंधळलेली असतात.’ प्रश्न रास्त होता आणि मला तेथे नीट उत्तर देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ (१९५३) या कादंबरीचे लेखक हॅल क्लेमंट हे स्वतः माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत. त्यांचा ‘मेस्क्लिन’ हा ग्रह इतक्या वेगाने फिरतो, की त्याचा दिवस सुमारे १८ मिनिटांचा आहे आणि तो तबकडीसारखा चपटा झाला आहे. विषुववृत्तावर गुरुत्व पृथ्वीच्या तिप्पट, तर ध्रुवांवर सातशे पटींच्या आसपास. आपण हा ग्रह कसा रचला हे क्लेमंट यांनी त्याच वर्षी एका लेखात आकड्यांसह सांगितले आणि विज्ञानकथा हा लेखक व वाचक यांच्यातील एक खेळ आहे, अशी भूमिका मांडली. लेखकाने कमीत कमी चुका करायच्या, वाचकाने जास्तीत जास्त शोधायच्या. पुढे मॅसॅच्युसेट्समधील विद्यार्थ्यांनी दाखवून दिले की ग्रहाच्या कडेला धार असेल आणि ध्रुवावरचे गुरुत्व त्यांनी सांगितल्यापेक्षा बरेच कमी भरेल. क्लेमंट यांनी ते आनंदाने मान्य केले. चांगला शिक्षक फळ्यावरची आपली चूक दाखवणाऱ्या मुलाला जसा शाबासकी देतो, तसेच हे झाले.

माझे उत्तर हे आहे. पाठ्यपुस्तकातील विधान मूल तपासत नाही, ते मान्य करते. तेथे चूक असली तर नुकसान होते. कथेतील विधानाला मात्र ‘हे खरे असेल का?’ असे विचारण्याची मुभा असते, आणि तसे विचारताना मुलाला पाठ्यपुस्तकातलाच नियम हाताशी घ्यावा लागतो. फ्लॉरिडाच्या मुलांनी तेच केले. अट एवढीच, की शिक्षकाने सोबत असावे आणि चुकीचा प्रकार ओळखायला शिकवावे : हे अनवधान आहे, हे गृहीत आहे की हा परिणाम आहे? सरसकट ‘हे सगळे खोटे’ म्हणून हसणारे मूल आणि सगळे खरे मानणारे मूल, दोघेही विचार करायचे टाळतात.

आणि वाद संपला असे समजू नये. २०२५ साली ग्लासगो विद्यापीठाचे कॉलिन मॅकिन्स यांनी एक संशोधनलेख प्रसिद्ध केला. एकाऐवजी दोन मोठी वस्तुमाने परस्परांभोवती फिरत असतील, तर काही विशिष्ट परिस्थितींत असे घन वलयही स्थिर राहू शकते, असे त्यांनी त्यात गणिताने दाखवले. एका ताऱ्याभोवतीचे निव्हन यांचे वलय त्यामुळे सुटत नाही. मॅक्सवेल बरोबरच होते. पण ‘एकाऐवजी दोन असते तर?’ हा प्रश्न कोणीतरी विचारला. वहीत वेग बरोबर आला म्हणून मी जेथे थांबलो होतो, तेथून पुढे नेणारे असेच प्रश्न असतात. आपल्या वर्गातील एखाद्या मुलाने उद्या तसा प्रश्न विचारला, तर अभ्यासक्रमात नाही म्हणून त्याला खाली बसवू नये.